पुढचा डावा कोपरा

रात्रभरात बसकण मारते, म्हणाला मालक,
सकाळी बघावं तर डावीकडून जमिनीला टेकलेली.
कॉम्प्रेसर दोनदा बदललाय त्यानं.
वादी कबीरमध्ये सगळे आधी कॉम्प्रेसरच बदलतात.

हमदुले म्हणाला, घाई नको. पंखा बंद कर.
भांड्यांच्या साबणाचं पाणी मी फवारलं
रबराच्या घडीत,
जिथं मस्कतचे वीस उन्हाळे दुमडून पडलेत.

काही नाही.
काही नाही.
मग मोहरीएवढा एक बुडबुडा.
फुटला. पुन्हा आला.

एवढ्यासाठी कॉम्प्रेसर बिचारा दिवसभर धापा टाकायचा.

नवी पिशवी शनिवारी येईल,
तोवर गाडी लाकडी ठोकळ्यावर.

हमदुल्यानं बादली पालथी घातली, तिच्यावर टेकला,
डावा पाय लांब केला.
"उठताना हात दे," म्हणाला,
"माझं कुठून जातंय, ते काही सापडत नाही."