वाट वाकडी करून

नेरिस, गाडीच्या किल्ल्या खिळ्याला आहेत,
डिझेलचं कार्ड कप्प्यात.
आणि हा पेनड्राइव्ह.
यात मंगळवार आहे.

मंगळवार म्हणजे एकाहत्तर मैल,
मागे तीन हजार पुस्तकं खडखडत,
आणि रस्ते असे, की समोरून मेंढ्यांचा ट्रक आला
तर दोघांतल्या एकाने देवमाणूस होऊन मागे जायचं.
बहुतेक वेळा ती तूच असशील.

काल जेवण झाल्यावर संगणकावर बसलो.
आधी नुसती सुरुवात आणि शेवट दिला,
तर त्याने हमरस्ता धरला,
निळी रेघ, इस्त्री केल्यासारखी.
चाळीस मिनिटं. वाटेत कुणीच नाही.
मग मी ती रेघ माऊसने पकडली
आणि डोंगराकडे ओढली,
ओल्वेन गुंड्यातून लोकर ओढते तशी,
थोडी,
मग अजून थोडी.

बिंदू रस्त्यावरच बसला पाहिजे, हे बघ.
मागे माझा एक केसभर सरकला,
ट्रेफोरच्या गोठ्याच्या बोळात पडला,
आणि यंत्राने मला आत नेलं, शेणातून,
थेट त्याच्या कुत्र्यापर्यंत.
मग म्हणालं, शक्य असेल तिथे वळा.
ट्रेफोर दारात उभा. हसला नाही.
पुस्तक मात्र घेतलं एक, कबुतरांच्या आजारांवरचं.

गिरणीमागच्या पुलाखालून जाऊ नकोस.
पूल नकाशात आहे, त्याची उंची नाही.
ती माझ्या टपावर आहे, ओरखड्यात.

आता मुख्य.
कौन्सिलचं पत्र तू वाचलंसच.
एकोणिसातले आठ थांबे बंद.
एकेका वाचकासाठी गाडी उभी करणं परवडत नाही.
पत्र बरोबर असेल. मी हिशोबात कच्चा.

पण या प्रोग्रॅममध्ये बिंदू दोन जातींचे.
एक थांब्याचा:
तिथे गेलं की यंत्र बोलतं, झेंडा दाखवतं,
पोहोचलात म्हणतं.
दुसरा नुसता वळणाचा:
रेघेला त्याच्यावरून जावंच लागतं,
पण यंत्र चकार शब्द काढत नाही.
वेळापत्रकात तो उमटत नाही.
उजवं क्लिक, एक खूण काढायची, झालं.

आठही ठिकाणच्या खुणा मी काढल्या,
नियमाप्रमाणे.
बिंदू काढले नाहीत.

म्हणजे पँट-ग्लासच्या फाटकावरून तू दहा चाळीसला जाशील.
तिथे मिसेस प्रोबर्ट. मोठ्या अक्षरांचंही आता दिसत नाही तिला,
पुस्तक नाकाशी धरते आणि सांगते,
हे कुणीतरी आजारपणात वाचलंय.
पुढे खिंडीत दोघे भाऊ, एकच कार्ड,
एकच कादंबरी आळीपाळीने वाचतात
आणि एकमेकांशी बोलत नाहीत;
शेवट कसा झाला ते मला येऊन सांगतात,
वेगवेगळं.
चर्चच्या चढावर इड्वाल.
तो फेब्रुवारीत गेला, घराला कुलूप आहे.
तो बिंदू का ठेवला, विचारू नकोस.

गाडीतलं यंत्र मध्येच विचारेल,
जलद मार्ग सापडलाय, घेऊ का?
नाही म्हण.
एकदा हो म्हणालीस तर ते सगळं सरळ करून टाकेल,
खिंड, चढ, फाटक,
आणि तुला कळणारही नाही काय गेलं.

तेवीस मिनिटं जास्त लागतात.
थांबू नकोस, थांबणं नियमात बसत नाही.
पण फाटकाशी कुणी
पिशवी घेऊन उभं दिसलं,
तर रस्त्यात मेंढ्या असतील.
असतातच इकडे.
त्या जाईपर्यंत
इंजिन बंद करून बसावं लागतं,
मागचं दार उघडं ठेवून,
हवा यायला.