सतरा मेची रेघ

पंचायत समितीच्या मागच्या खोलीत
वाळ्याचा कूलर, एक लॅपटॉप, आणि मी.
मीही पाणीच वाहतो म्हणा:
सर्व्हरवरच्या टेबलातून उपसायचं,
जेसनच्या महिरपी कंसात भरायचं,
पानाच्या पोटात ठेवून पाठवायचं;
पलीकडे ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट ते ओतून घेते
आणि निळी रेघ काढते.

वाटेत गावांची नावं ओळखू येत नाहीत.
खैरझरीतल्या ‘ख’चं होतं
तिरपी रेघ, यू, शून्य नऊ एक सहा.
एवढ्या आकड्यांतून गाव सुखरूप उतरतं
याचं मला अजून नवल वाटतं.

खैरझरीची विहीर गिरजाबाई कुमरे मोजतात.
टेपला बांधलेलं लोखंड खाली सोडतात,
डुब वाजलं की चिमटीत टेप धरतात.
जमिनीपासून पाण्यापर्यंत किती मीटर, ते वहीत.
म्हणून आमचा चार्ट उलटा:
शून्य वर, शून्य म्हणजे जमीन.
रेघ जितकी खाली, तितकं पाणी खोल.

सतरा मेला ती रेघ
साडेबारा मीटरवरून उभी उसळली
आणि थेट शून्याला टेकली.
सत्तेचाळीस डिग्रीत विहीर काठोकाठ!
साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला:
‘गाळ काढल्याचा फायदा झाला बरं का.’
स्क्रीनशॉट जिल्ह्याला गेलासुद्धा.

मी फोन लावला.
‘त्या दिसी कुठची मोजतो बापा,
सुनेले घेऊन दवाखान्यात होती.’
मग वहीत काय लिहिलं?
‘आडवी रेघ मारली ना. न मोजता कसं लिवू?
पोरगी झाली. अडीच किलो.’

ती आडवी रेघ टेबलात आली नल होऊन,
अगदी नीट.
टेबलाने तिचा मान राखला, जेसननेही राखला.
मोडला तो मी, शेवटच्या टप्प्यावर,
दोन वर्षांमागे लिहिलेल्या एका ओळीत:
रिकामं आलं तर शून्य धर.
तुटलेली रेघ बरी दिसत नाही, म्हणून.

ओळ खोडली. पान पुन्हा उघडलं.
आता मे महिन्यात एक फट आहे,
दोन टिंबांमध्ये कोरी जागा.
माउस नेला तर काही उमटत नाही.

साहेब म्हणाले, इथं काहीतरी बिघडलंय.
नाही सर, म्हटलं,
तिथं बाई गावात नव्हत्या.

जिल्ह्याला मात्र विहीर
अजून भरलेली आहे.