एकोणसाठ

हल शहर, जूनचा पहिला आठवडा.
रात्री साडेनऊलाही उजेड, त्यामुळे
पेपर तपासणं संपलं असं म्हणता येत नाही.

उमेदवार चार-शून्य-आठ-एक-सात.
नाव नाही, चेहरा नाही, नियमच आहे तसा.
प्रश्न : पुराचा धोका शहराच्या कोणत्या भागाला आधी?
नकाशा बाजूला सारून लिहिलंय :
पाणी नदीकडून आलंच नाही.
मागच्या अंगणातल्या गटाराचं झाकण उचलून आलं,
स्वयंपाकघरात शिरलं.
आधी कुत्र्याला कळलं.

संदर्भग्रंथ : शून्य.
मी समासात लिहिते, ‘पुरावा?’
आणि पेन तिथेच थांबतं.

तक्त्यात पाच रकाने :
मांडणी, युक्तिवाद, स्रोत, चिकित्सा, भाषा.
कुत्र्याला रकाना नाही.

माझे वडील बार्शीच्या आडतीत मापाडी होते.
पहिल्या मापाला ‘एक’ म्हणायचे नाहीत, म्हणायचे ‘लाभ’.
मग दोन, मग तीन.
पायलीवर शीग चढायची
आणि काठावरून हात फिरवायचा की नाही
यावर दोन माणसं दुपारभर भांडायची.
घरी हातपाय धुताना ते म्हणत,
शीग कुणाची, हे पायलीला विचारू नये.
मी हसायचे.
मला तेव्हा पीएच.डी. नव्हती.

दुसरी परीक्षक मॉइरा. तिचे अठ्ठावन्न, माझे बासष्ट.
चहात बिस्कीट बुडवून ती म्हणते,
‘लिहिलंय छान. पण हे शिकवलं कुणी?
आपण तर नाही.’
खरंच आहे.
आपण घातलं त्यातलं किती परत आलं,
एवढंच तर मोजायचं असतं आपल्याला.
बिस्कीट तुटून कपात पडतं. ती चमचा शोधते.

एकोणसाठ ठरतात.
तिच्या भाषेत ते पन्नास आणि वर नऊ,
ऐकायला भरलेले.
माझ्या भाषेत आकड्याच्या पोटातच उणं :
एक कमी साठ.
हे तिला सांगायला तोंड उघडते
आणि म्हणते, साखर देतेस?

साठला पदवीचा वर्ग बदलतो.
सही दोघींची.

घरी आले. मागच्या दारी जाऊन
गटाराचं झाकण उचलून पाहिलं.
कोरडं होतं. एक गोगलगाय.
तरी जमिनीवर रचलेले उरलेले पेपर
दोन खेपांत
वरच्या मजल्यावर नेऊन ठेवले.