एक जानेवारी दोन हजार

कॅमेऱ्याच्या पोटात एक बारका सेल असतो,
चिंचोक्याएवढा, फक्त घड्याळापुरता.
तो मेलाय.
मोठी बॅटरी चार्जिंगला काढली
की कॅमेरा सगळं विसरतो,
आणि परत बसवली की ताज्या तोंडानं सांगतो,
एक जानेवारी दोन हजार, रात्रीचे बारा.

तपकीर गल्लीत गुंदेचांनी डोळ्याला भिंग लावलं.
"आत सोल्डर केलाय. खोलला तर उरलासुरलाही जाईल.
फोटो निघतात ना, साहेब?
मग तारखेचं काय लोणचं घालायचंय?"

फोटो निघतात.
बँकेच्या सर्व्हरखोलीत स्वेटर घालून दिवस काढायचा
आणि संध्याकाळी म्हात्रे पुलाच्या कडेला स्कूटर लावायची.
खाली नदीपात्रात म्हशी, एखादा खंड्या,
गाडी शिकणारं कुणीतरी,
पुढे-मागे, पुढे-मागे, मग बंद.
रविवारी पाषाण. पंख वाळवणारा पाणकावळा.
त्याचे चाळीस काढले,
एकोणचाळीस हलले.

कॉम्प्युटर मी स्वतः जोडलेला.
डाव्या अंगाचा पत्रा चौदा सालापासून पलंगाखाली आहे,
तेवढाच आत वारा.
पावसाळ्यात एक पाल मुक्कामाला येते,
प्रोसेसरची ऊब तिला मानवते.
माझं तो फारसं ऐकत नाही
पण कॅमेऱ्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.
म्हणून चार हजार दोनशे अठरा फोटो
एकाच मध्यरात्री जन्मले.
बारा वाजून तीन मिनिटांनी रेणू पहिलीच्या वर्गात निघाली,
बारा-सातला होस्टेलवर, रिक्षात टेबलफॅन मांडीवर घेऊन,
आणि बारा-नऊला
तिचा पुढचा दात पडला.

मग प्रोग्राम लिहायला घेतला.
शंभर ओळींत आटपेल वाटलं होतं.
बहावा फुललाय तर मे.
समोरची इमारत तिसऱ्या स्लॅबवर, तर सोळा साल, दिवाळीआधी.
नळ स्टॉपला मेट्रोचा खांब माणसाच्या कमरेइतका.
सावली लांब असली तर सकाळ,
किंवा संध्याकाळ.
सावलीला तरी कुठं माहीत असतं?
तिथं अडलो.

उज्ज्वला मेथी निवडता निवडता मागे येऊन उभी राहिली.
"कुकरची शिट्टी नवी आहे. रेणूच्या दहावीनंतरचा."
पुढचा?
"पडदे धुवायला काढलेत. दसरा."
आणि हा?
"गुरुवार. पिंप काठोकाठ आहे बघ, म्हणजे नळाला पाणी नाही."
"ही माझी साडी नाहीये, वन्संची आहे,
म्हणजे त्यांचं ऑपरेशन झालं ते वर्ष."
मी टाइप करत गेलो.
शंभर ओळी मुकाट्यानं पुसल्या.
पावणेबारापर्यंत चौदा वर्षं रांगेला लागली
आणि मेथीची जुडीही संपली.

उरला एक.
दिवाणावर उज्ज्वला झोपलेली. दुपार.
पोटावर उपडं मासिक, नाकावर चष्म्याचा वळ,
गजांची सावली खांद्यावरून उतरून
दिवाणाच्या कडेशी मोडलेली.
पडदा नाही, कुकर नाही, बहावा नाही.
हा कधीचा गं?
"मी झोपले होते. मला काय विचारतोस?"
आणि विरजण लावायला गेली.

खाली अजून तीच तारीख.
रात्रीचे बारा,
आणि तिच्या अंगावर ऊन.
आमची ओळख व्हायला तेव्हा
दहा महिने बाकी होते.

कर्सर तारखेवर नेला.
थोडा वेळ तो लुकलुकत राहिला, मी बघत राहिलो.
मग काढून घेतला.

प्रोग्राम चालवला. त्यानं कळवलं,
चार हजार दोनशे सतरा दुरुस्त.
एक वगळला.

उद्या गुरुवार. दहाला वीज जाईल,
यूपीएस केकाटेल.
बॅटरी आत्ताच काढून चार्जिंगला लावलेली बरी.