एकोणतिसाव्या पानापर्यंत

वागळे इस्टेट, रस्ता क्रमांक सोळा.
खाली गिअर कापायचा कारखाना, वर आमची प्रेस.
दर महिन्याच्या वीस तारखेला
इथूनच पृथ्वीवर हल्ला व्हायचा.

म्हॉ आणि क्र्यूट. ग्रह विचारू नका,
दर अंकात मी नवा लिहायचो,
मागचा आठवत नसायचा.
म्हॉ थोराड, सोसायटीच्या टाकीएवढा.
क्र्यूट बोटभर, त्याच्या कानामागे राहणारा,
तीन डोळे, तिन्ही बारीक केलेले,
चष्म्याचा नंबर वाढल्यासारखे.
सांतान चितारायचा. फुग्यांत मी बोलायचो.

सांतानला परदेशातली शहरं काढता येत नव्हती.
चरईत जन्मला, चरईतच त्याला मिशी फुटली,
त्यामुळे विश्वविजेते उतरायचे ते उपवनच्या तळ्यात,
गुडघ्यांना शेवाळ घेऊन कापूरबावडीपर्यंत चालत यायचे,
तीन हात नाक्यावर संहारक किरण सोडायचे
आणि ट्रॅफिक, शपथेवर सांगतो,
आधी होता तसाच राहायचा.

हिरव्याची प्लेट कधीच जागेवर बसली नाही.
अर्धा सूत सरकायचीच.
म्हॉचा रंग सांडायचा क्र्यूटवर,
क्र्यूटची कड म्हॉच्या गालावर.
लोकूमल शेठ ओरडायचे,
"हे काय, दोघं एकमेकांना लागलेत!"
लागलेलेच होते.
एकाने वाक्य सुरू करायचं, दुसऱ्याने संपवायचं,
हे मी पहिल्याच अंकात ठरवून टाकलं होतं:
"मर्त्य ठाणेकरांनो—"
"—तुमच्याकडे पाणी किती वाजता येतं?"
(शेठनी खोडलं. "शरण या" केलं.)

नायक होता प्रचंडवीर. छाती, झगा, जबडा.
मुखपृष्ठ त्याचं,
मागच्या पानावर खोकल्याच्या गोळ्या विकणाराही तोच.
यायचा मात्र तिसाव्या पानावर,
आणि एकटा.
बोलणार कोणाशी बिचारा?
स्वतःचंच नाव घेऊन ठोसा मारायचा.
एकोणतिसाव्या पानापर्यंत
शहर आमचं असायचं.

मग कागद महागला.
शेठ म्हणाले, दोन-दोन खलनायक परवडत नाहीत,
एक मारा. कुठला, ते तुमचं तुम्ही बघा.
आम्ही खाली टपरीवर उभे राहिलो,
कापलेल्या लोखंडाचा वास, दोन कटिंग.
मी म्हटलं, "बारक्याला शाई कमी लागते,
त्याला राहू दे, आणि मोठ्याला—"
आणि थांबलो, सवयीने,
उरलेलं तो बोलेल म्हणून.
सांतान ग्लासात बघत राहिला.

चार दिवसांनी एकच पान घेऊन आला.
कोणी मेलेलं नव्हतं.
कळव्याच्या जुन्या पुलावर दोघं बसलेले,
म्हॉचे पाय खाडीत,
चेंदणीकडे वाळत घातलेली जाळी,
क्र्यूट उतरलाय त्याच्या तळहातावर
आणि दोघं मिळून एक सुका बोंबील सोलतायत.
फुग्यांना जागाच ठेवलेली नव्हती.
मला वाटलं, हे तिसावं. मारामारीऐवजी.
शेठनी पाहिलं, परत केलं.
तो अंक निघाला नाही, पुढचेही नाहीत.

सांतान घोडबंदरला गेला,
बिल्डरांच्या फलकांवर निळे तरणतलाव रंगवायला.
भांडण असं झालं नव्हतं आमचं.
फक्त ते वाक्य राहिलं तसंच,
पस्तीस वर्षं.

यंदा मार्चमध्ये त्याची मुलगी आली, रोवीना.
चाळिसाव्याच्या मिस्साला लावायला
बाबांचं काही आहे का, म्हणाली.
मी गादीखालून पान काढलं.
"हे कोण दोघं?"
"तो बारका, हातावरचा, तो तुझा—"
"—आणि ही टाकी म्हणजे तुम्ही?"

हसलो असेन बहुतेक. आठवत नाही.
तिने पान खिडकीशी धरलं, फोटोसाठी,
तेव्हा उजेडात दिसला
खालच्या कोपऱ्यात, पेन्सिलीने,
त्याच्या बारीक अक्षरातला आकडा.
एकोणतीस.