जिंतूर रोडवरची हॅचरी

फोन नेहमी असाच येतो:
"भाऊ, मशीन बोंबलायलंय."
कसं बोंबलायलंय, विचारलं की माणसं गांगरतात.
आवाज ऐकायची सवय असते,
मोजायची नसते.

मोजा, म्हणतो. मोबाईल यूपीएसजवळ धरा.
दहा सेकंदांनी एक बीप :
लाईट गेलीय, बॅटरी चालू आहे,
कुणी ओसरीवर बसून मधूनच खाकरावं, तेवढंच.
तीच बीप घाईला आली, टिकटिक टिकटिक,
तर पाच-सात मिनिटं उरलीत,
जे सेव्ह करायचं ते करून घ्या.
आणि न तुटणारा एकच लांब सूर असेल
तर कुणीतरी त्याच्यावर नको ते लावलंय.
सेलूच्या झेरॉक्सवाल्यानं अंघोळीच्या पाण्याचा हीटर लावला होता,
अजून लेकीला गोष्ट म्हणून सांगतो.

बत्त्या तर सगळ्यांना दिसतात.
लाल म्हणजे बॅटरी बदला.
पण लाल बत्तीवर बायकोची टिकली चिकटवणारे पाहिलेत मी.
बोरीच्या पतसंस्थेत काळी पट्टी होती,
पट्टीवर खडूनं शुभ लाभ.

त्या रात्री सटवाजीचा फोन आला, दोन वाजून गेलेले.
डिसेंबर. परभणीचा पारा सहावर,
बॅटरीचं पाणीसुद्धा हाताला चावत होतं.
सटवाजी म्हणजे सत्वशीला जोगदंडांच्या हॅचरीवरचा पोरगा,
रात्रपाळीचा.
"भाऊ, बीप बंदच होईना.
म्या बटन दाबलं होतं, झोपू देईना म्हणून,
तरी बारीक बारीक यायलीच."

धर फोन.
मी मोजू लागलो.
एक, मग तीन, मग काहीच नाही,
मग एकदम दोन, दोन ठिकाणांहून.
वीस वर्षांत असला यूपीएस ऐकला नव्हता.
बत्ती कोणती?
"लाल होती. आता कोणतीच नाही."

पोटात खड्डा पडला.
मशीन कधीचंच गेलं होतं.
ज्यानं ओरडून सांगायचं
त्याचं तोंड यानं संध्याकाळीच दाबलं होतं.
मग हे कोण बोलतंय?

दार उघडू नको, सटवाजी. ऊब जाईल.
काचेला कान लाव फक्त.

बराच वेळ त्याचा श्वास ऐकू येत राहिला.
मग तो कुजबुजला,
जणू कुणी उठेल :
"भाऊ... अंड्यातून यायलंय."

विसावा दिवस होता.
कवच फुटायच्या आधीच पिल्लं आत बोलायला लागतात,
हे मला बॅटऱ्यांच्या धंद्यात कुणी शिकवलं नव्हतं.

गोधडी टाक मशीनवर, म्हटलं, गोणपाट टाक,
अंगातलं जर्किन टाक.
दोन बॅटऱ्या गाडीला बांधून अठरा किलोमीटर,
थंडीनं डोळ्यांतून पाणी,
आणि तोंडानं मी आपला मोजतोय, एक, तीन, दोन,
कशाचं ते मलाही माहीत नाही.

पोचलो तेव्हा पोरगा बनियनवर उभा, 
मशीनला दोन्ही हातांनी कवळ घालून.
वायरी जोडल्या.
दहा सेकंदांनी एक बीप.
आतून लगेच कुणीतरी उत्तर दिलं.

चारशे अंड्यांतली किती निघाली
ते बाईंच्या वहीत आहे. मी विचारलं नाही.
जाताना म्यूटचं बटन उपटलं
आणि भोकात एम-सील भरलं.
"आता झोपू कसा मी?" सटवाजी म्हणाला.

म्हटलं, नाव कुणाचं लावलंय तुला?
सटवाईची रात्र असली
की घरात एकानं जागायचंच असतं.