रंग वाच

उंदरांनी आधी डॅशबोर्डमागचं सूत खाल्लं,
मग रबर,
तांबं नुसतं चाखून सोडून दिलं.
छप्पन सालची मॉरिस मायनर, कंपूतल्या नेवासकर वकिलांची.
अकरा वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये, चाकांखाली विटा.
वकिलांची मुलगी विचारते, "दिवे पेटतील ना?"
म्हटलं, दिवेच पेटावेत, गाडी नको,
म्हणून आधी बॅटरी काढतोय.

जूनमधलं ग्वाल्हेर. सावलीत ठेवलेला पानासुद्धा चटका देतो.
त्यात या गाडीचं सगळं उलटं,
धन टोक अंगाला बांधलेलं, ऋण टोक घरभर हिंडणारं.
नवी पोरं इथेच चुकतात.
मी चुकत नाही. जिन्सी नाल्यावर
इंदुलकर मास्तरांच्या टपरीत नऊ वर्षं काढलीत.

सगळं हार्नेस बाहेर ओढलं, खाटेवर आडवं केलं,
अजगरासारखं, फांद्या फुटलेल्या अजगरासारखं.
जुनी टेप सोलली.
आत एकेका तारेवर विणलेलं सूत,
कधीकाळी रंगीत.
आता तेल, धूळ आणि सत्तर उन्हाळे पिऊन
लाल, हिरवी, तपकिरी
सगळ्यांचा एकच रंग झालेला, उरलेल्या चहाचा.
चष्मा पुसला. तार उन्हात धरली. थुंकी लावून घासली.
काही नाही.

मग बोटाला गाठ लागली.
मेणवलेल्या दोऱ्याची, मोहरीएवढी,
टोकापासून बरोबर एक इंच आत.
दुसऱ्या तारेला दोन. आणखी एकीला तीन.
पाच तासांत नकाशा जुळवला:
एक गाठ लाल, दोन हिरवी, तीन तपकिरी.
निळीला गाठ नाही.
पांढरीला नाही, काळीला नाही.
फक्त या तिघींना.

मी खाटेवर बसलो.
पोरगं पाणी घेऊन आलं, ते हातात तसंच.

"रंग वाच," मास्तर म्हणायचे.
मी बारा वर्षांचा. गाडीखालून त्यांचा हात बाहेर यायचा, चिमटीत तार.
"वाच." हिरवी, मास्तर. "ही?" लाल.
मला वाटायचं, परीक्षा घेतात.
फुलबागेच्या चौकात त्यांची लॅम्ब्रेटा
कधी सगळ्यात पुढे उभी राहिली नाही.
शेजारचा हलला की हे हलायचे.
लोक म्हणायचे, मास्तर भारी सावध माणूस.

एकदा गंमत म्हणून लालला हिरवी म्हणालो.
धूर निघाला. त्यांनी कानाखाली दिली,
नऊ वर्षांत एकदाच.
मग बराच वेळ पाने पुसत बसले,
माझ्याकडे न बघता.

या गाठी कुणाला विचारून बांधल्या असतील?
रात्री बायकोला? कंदिलापाशी,
ती नावं सांगतेय, हे दोरा ओढतायत?
त्यांच्या घरात आता कुणी नाही, विचारायला.

रेडिएटरकडच्या जोडांना मात्र गाठी नाहीत.
सोल्डर पसरट, ओबडधोबड, कच्च्या हाताचं.
ते काम मला आठवतं.
तेव्हा मी आलो होतो.

दिल्लीहून नव्या तारा मागवल्या,
प्लॅस्टिकच्या, झगझगीत, आंधळ्यालाही दिसतील अशा.
म्हणालो आणि जीभ चावली.
जोड दिले, टेप चढवली,
आणि टेप चढवण्याआधी, का कोण जाणे,
तिघींना गाठी मारल्या.
एक, दोन, तीन.
पोरगं बघत होतं. त्याला काही सांगितलं नाही.

संध्याकाळी बॅटरी लावली. हॉर्न खोकला, मग बोलला.
पुढचे दिवे लागले, डावा जरा पिवळट.
वकिलांना खुर्चीसकट अंगणात आणलं होतं.
वळण्याची दांडी दाबली,
दाराच्या खांबातून डावा हात बाहेर आला,
नारिंगी, लुकलुकत नाही, नुसता पेटलेला.
उजवा अडकला.
खांबावर तळहाताने एक चापट मारली,
हळूच.
आला.